‘पडीक’ जमिनीचा मालक

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज हे गाव लागते. द्राक्षबागायतदारांना ते ‘सोनाका’ या वाणाचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते, तर पक्षिप्रेमींना माळढोकाचे गाव म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर येथील माळावर पहाटे एक खर्जातला, घुमणारा आवाज ऐकू येत असे. रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा तो आवाज अर्ध्या किलोमीटरवरही पोचे. देशाच्या काही भागांत या पक्ष्याला ‘गगनभेर’ म्हणतात, ते या आवाजामुळेच. हुंकार असे नराचा, आणि तो ऐकून गवतातून सावधपणे पुढे येणाऱ्या असत माद्या.

आज नान्नजच्या माळावर हा हुंकार ऐकू येत नाही. अलीकडच्या वर्षांत एखादी एकटी मादी दिसली तरी ती वर्तमानपत्रातील बातमी ठरते. ज्या जिल्ह्यात या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, ज्याच्या शिकारीवर अर्धशतकापासून कडक बंदी आहे, त्याच ठिकाणी तो नाहीसा व्हावा, हे वरवर पाहता कोड्यात टाकणारे आहे. वाघाला संरक्षण दिले आणि वाघ वाढले. मग माळढोकाच्या बाबतीत काय चुकले? याचे उत्तर त्याच्या शरीरात आहे आणि त्या शरीराला ज्या भूमीने आकार दिला, त्या माळरानातही आहे.

गवताचे रान

सह्याद्रीचा कडा ओलांडून आलेले ढग पूर्वेकडे जाईपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. घाटमाथ्यावर जेथे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तेथून दीड-दोनशे किलोमीटरवर सोलापूर-अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) पट्ट्यात तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो, आणि तोही बेभरवशाचा. मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. अशा जमिनीत घनदाट जंगल उभे राहत नाही. तेथे वाढते ते कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखे गवत आणि मधूनच एखादी बोर, बाभूळ, हिवर किंवा तरटीचे काटेरी झुडूप. चार महिने हिरवे, आठ महिने पिवळे असे हे रान असते.

शहरी डोळ्याला हे दृश्य उजाड वाटते. ‘येथे पूर्वी जंगल असावे, माणसाने ते तोडले’ असा समजही सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. गवताळ रान हे मोडलेले जंगल नसून स्वतंत्र आणि प्राचीन अशी परिसंस्था आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात संत कान्होपात्रेच्या स्मृतीशी जोडले गेलेले झाड तरटीचे आहे, आणि तरटी ही उघड्या, कोरड्या माळाची वनस्पती होय. ‘लीळाचरित्रा’सारख्या जुन्या मराठी ग्रंथांतील आणि लोकवाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख अलीकडेच संशोधकांनी तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही असाच विरळ झाडांचा आणि गवताचा होता, असा निष्कर्ष निघाला. धनगरांच्या मेंढ्या ज्या माळावर पिढ्यान् पिढ्या चरत आल्या, तो माळ कुणी उजाड केलेला नव्हता. तो मुळातच तसा होता.

या रानाचे रहिवासीही त्याच्यासारखेच. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, चंडोल, धाविक, तणमोर ही सारी मंडळी लपण्यासाठी झाडाचा आडोसा शोधत नाहीत. वेग, रंग आणि दूरदृष्टी या तीन गोष्टींवर त्यांचे आयुष्य चालते. या सर्वांत आकाराने मोठा पक्षी म्हणजे माळढोक.

माळासाठी घडलेले शरीर

माळढोक उभा राहिला की जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत जाऊ शकते. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. मादी याच्या निम्म्याहूनही कमी वजनाची असते. पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरहून अधिक भरते. डोक्यावर काळी टोपी, पांढुरकी लांब मान, पाठ तपकिरी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, असे त्याचे रूप आहे. पिवळ्या गवतात तो मान खाली घालून बसला, तर वीस पावलांवरूनही चटकन ओळखता येत नाही.

त्याच्या पायाला पुढे तीन बोटे असतात. मागे वळणारे चौथे बोट नसते. चिमणी, कावळा किंवा घार ज्या बोटाच्या आधाराने फांदी पकडतात, तेच बोट माळढोकाला नाही. त्यामुळे तो झाडावर बसूच शकत नाही. त्याचा सारा जन्म जमिनीवर जातो. खाणे, झोपणे, प्रणयाराधन करणे, अंडे घालणे, पिल्लू वाढवणे, सारे काही जमिनीवर. त्याच्या मोबदल्यात त्याला मिळाले आहेत चालण्यासाठी घडलेले भक्कम पाय. दिवसभरात तो मैलोन्‌मैल चालतो आणि वाटेत मिळेल ते खातो : टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, गवताचे बी, शेतातील भुईमूग आणि ज्वारी. जेथे कोणत्या महिन्यात काय मिळेल याची खात्री नसते, तेथे सर्वभक्षी असणे हाच शहाणपणा ठरतो.

त्याच्या डोळ्यांची रचनाही माळाला साजेशी आहे. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला दोन्ही अंगांचा फार मोठा प्रदेश दिसतो. मोकळ्या रानात लांडगा कोणत्याही दिशेने येऊ शकतो. त्यामुळे सगळीकडे नजर ठेवता येणे महत्त्वाचे. नेमके समोर पाहण्याची गरज तुलनेने कमी, कारण माळावर समोर आदळण्यासारखे काही नसतेच.

प्रणयाराधनाची रीतही उघड्या भूमीवरची आहे. नर थोड्याशा उंचवट्यावर उभा राहतो, शेपूट पाठीवर उलटी उभारतो आणि गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबवतो. पांढरीशुभ्र पिशवी आणि तो हुंकार यांमुळे दूरच्या मादीलाही त्याचा ठाव लागतो. मीलनानंतर नराची जबाबदारी संपते. अंडे उबवणे आणि पिल्लू वाढवणे हे मादी एकटीच करते. घरटे म्हणजे जमिनीवरचा जेमतेम खोलगट खळगा. त्यात काड्यांची वीणही नसते. मादीचा गवतासारखा रंग आणि अंड्याचा मातकट ठिपकेदार रंग हेच त्या घरट्याचे छप्पर आणि भिंती.

एक अंडे आणि एक हिशेब

माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. ते सुमारे २७ दिवस उबवावे लागते आणि बाहेर आलेले पिल्लू पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत आईच्या मागे फिरते. चिमणी किंवा तितराच्या तुलनेत ही गती फारच मंद आहे. तरीही हजारो वर्षे ती पुरेशी ठरली, कारण निसर्गात याचा हिशेब दीर्घायुष्याने जुळवला जातो. मोठ्या झालेल्या माळढोकाला मारणारे शत्रू माळावर फार थोडे होते. मादी दहा-बारा वर्षे जगली, त्यांतील बरीच अंडी-पिल्ले कोल्ह्या-मुंगसांनी खाल्ली, तरी आयुष्यभरात तिच्यामागे दोन पिल्ले मोठी होऊन उरली की संख्या टिकून राहते.

या हिशेबातील मेख अशी की, तो अंड्यांच्या नाशाला बराच तोंड देऊ शकतो, पण प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूला अजिबात नाही. तितरांचा थवा निम्मा मारला गेला तरी दोन-तीन हंगामांत तो भरून येऊ शकतो. माळढोकांचे तसे नाही. वर्षाकाठी मोजके प्रौढ पक्षी अधिक मेले, तरी काही दशकांत सारी वसाहत रिकामी होते. ही घसरण इतकी हळूहळू घडते की लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. दीर्घायुषी पक्षी दिसत राहतात. त्यांच्यामागे पिल्ले नाहीत हे मात्र दिसत नाही.

बंदूक गेली, नांगर आला

पहिला घाव बंदुकीचा होता. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ही नोंद क्रौर्याची आहे, तशीच ती त्या काळच्या समृद्धीचीही आहे. एका माणसाला एका जिल्ह्यात इतके पक्षी मिळत होते, यावरून दख्खनच्या माळावर त्यांची किती वस्ती असेल याची कल्पना येते. पुढे जीपगाड्या आल्या. माणूस पायी आला की दुरूनच सावध होणारा हा पक्षी वाहनाला मात्र जवळ येऊ देत असे, आणि शिकार अधिकच सोपी झाली.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचे नाव पुढे केले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. १९६९ च्या सुमारास देशात जेमतेम १,२६० माळढोक उरले असावेत, असा अंदाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि शिकारीला पूर्ण बंदी आली. याच दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरातील माळढोकांकडे वनखात्याचे आणि अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झाले. राजस्थानने १९८१ मध्ये ‘गोडावण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याला राज्यपक्षी केले.

बंदूक थांबली, परंतु तोपर्यंत माळाचेच रूप बदलू लागले होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी, मागोमाग विहिरी आणि कूपनलिका यांमुळे ज्वारी-करडईच्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. कोरडवाहू शेती आणि माळढोक यांचे वैर नव्हते. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानात तो किडे टिपत हिंडे; कापणीनंतरच्या मोकळ्या शेतात त्याला दूरवरचे दिसे. उसाचा फड मात्र त्याच्या दृष्टीने भिंत आहे आणि तारेच्या मांडवावर चढवलेली द्राक्षबाग हा सापळा. दोन्हींकडे त्याला चालता येत नाही, पाहता येत नाही आणि नाचता येत नाही.

या बदलासाठी शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. दुष्काळाच्या खाईतून बाहेर पडण्याची वाट पाण्याने दाखवली आणि तो त्या वाटेने गेला. माळढोकाच्या ऱ्हासाची गोष्ट ही खलनायक नसलेली गोष्ट आहे, म्हणूनच ती सोडवायला अवघड आहे.

झाडे लावण्याची चूक

सरकारी कागदपत्रांत गवताळ रानाला फार पूर्वीपासून ‘पडीक’ म्हटले गेले. ब्रिटिश महसूल व्यवस्थेला ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती ओसाड वाटे. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी बदलली नाही. देशातील पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह प्रसिद्ध होत आले, त्यांतही गवताळ माळांचा मोठा भाग त्याच रकान्यात आहे. आणि एकदा जमीन पडीक ठरली की तिचा ‘विकास’ करणे क्रमप्राप्तच होते. कधी तेथे औद्योगिक वसाहत येते, कधी सौरऊर्जेचे पट्टे, तर कधी चर खणून झाडे लावली जातात.

यांतले शेवटचे सर्वांत फसवे आहे, कारण त्यामागचा हेतू चांगला असतो. महाराष्ट्रातील कितीतरी माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची रोपवने उभी राहिली. झाड लावणे म्हणजे पुण्यकर्म, हे समीकरण मनात इतके पक्के आहे की त्यात काही नुकसान असू शकते, असा विचारच शिवत नाही. परंतु माळावर दाट झाडे आली की त्यांच्या सावलीत गवत खुरटते. टोळ-भुंगेरे कमी होतात. कावळा आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीसाठी उंच जागा मिळते आणि उघड्यावरचे अंडे त्यांच्या नजरेस पडते. कुत्र्या-कोल्ह्यांना आडोसा मिळतो. लांबवर पाहून सावध होणाऱ्या पक्ष्याची नजरच बांधली जाते. असा पक्षी ती जागा सोडून जातो.

याचा फटका एकट्या माळढोकाला बसत नाही. उंच उड्या मारून मादीचे लक्ष वेधणारा तणमोर, उघड्या रानात धावून शिकार करणारा लांडगा, कळपाने हिंडणारे काळवीट या साऱ्यांचेच घर लहान होत जाते. हवामानबदलाच्या काळात झाडांचा आग्रह धरला जातो तो कर्ब साठवण्यासाठी. गवतही कर्ब साठवते, पण बहुतांशी जमिनीखाली, मुळांमध्ये आणि मातीत. तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

अभयारण्य आणि गाव

मग अभयारण्याने काय साधले? १९७९ च्या अधिसूचनेत अभयारण्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांमध्ये ते पसरले होते. कागदावर हा आकडा डोळे दिपवणारा होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक भाग म्हणजे शेते, गावे, रस्ते आणि बाजारपेठा. वनखात्याच्या ताब्यातील खरा माळ म्हणजे त्यात विखुरलेले लहान लहान तुकडे.

परिणामी दोन्ही बाजूंनी नुकसान झाले. ज्या गावाच्या शिवारात माळढोक कधी फिरकलाही नव्हता, तेथेही जमिनीचे व्यवहार, बांधकाम, उद्योग यांवर बंधने आली. आपल्या शेताच्या उताऱ्यावर एक पक्षी येऊन बसला आहे, ही भावना गावकऱ्यांमध्ये बळावली. काळविटांचे कळप पिके खात आणि त्यांचाही राग माळढोकाच्या नावावर जमा होई. जो पक्षी पूर्वी माळावरचा शेजारी होता, तो आता अडचण झाला. दुसरीकडे, जे तुकडे खरोखर माळ म्हणून राखायला हवे होते, तेथेही अतिचराई, रोपवने आणि भटकी कुत्री यांचा शिरकाव सुरूच राहिला. पुढे अभयारण्याची पुनर्रचना होऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, परंतु तोवर पक्ष्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती.

मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्यात असेच घडले. तेथेही माळढोकासाठी जाहीर झालेल्या क्षेत्रात प्रामुख्याने लोकांची शेते होती, तेथेही काळविटे वाढली, लोकांचा विरोध तीव्र झाला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत माळढोक नाहीसा झाला. याचा धडा स्पष्ट आहे. ज्या पक्ष्याचे अर्धे आयुष्य शेतात जाते, त्याला शेतकऱ्याच्या संमतीशिवाय वाचवता येत नाही.

न दिसणारी तार

आज जगातील बहुतेक सारे माळढोक राजस्थानातील थरच्या वाळवंटी गवताळ प्रदेशात, जैसलमेर जिल्ह्यात आहेत. गुजरातमधील कच्छमध्ये मोजक्या माद्याच उरल्या. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. नामशेष होण्याच्या अलीकडची ही अखेरची पायरी. २०१८ च्या सुमारास जंगलात साऱ्या देशात मिळून अवघे दीडशेच्या आसपास पक्षी असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता.

आणि नेमक्या याच प्रदेशात पवनचक्क्या व सौरऊर्जा प्रकल्पांमधून वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे जाळे पसरले आहे. माळढोक या तारांवर आदळून मरतात. पक्ष्याला समोरची तार दिसत नाही का, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. ग्रॅहॅम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी २०१० मध्ये आफ्रिकेतील कोरी माळढोकाच्या, म्हणजे आपल्या माळढोकाच्या जवळच्या भाऊबंदाच्या, दृष्टिक्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उत्तर मिळाले. या पक्ष्याला समोरचे फारच अरुंद क्षेत्र दिसते. उडताना खालची जमीन न्याहाळण्यासाठी त्याने मान सुमारे २५ अंशांनी झुकवली, की पुढच्या दिशेला तो पूर्णपणे आंधळा होतो. तार दिसली तरी उपयोग मर्यादित, कारण इतक्या जड शरीराला वेगात असताना ऐनवेळी वळता येत नाही.

लाखो वर्षांत निसर्गाने ज्या डोळ्यांना माळावरच्या सुरक्षिततेसाठी घडवले, तेच डोळे काही दशकांत त्याच्या मृत्यूचे कारण बनले. अनुकूलन हे नेहमी एखाद्या परिस्थितीशी झालेले असते. परिस्थिती पिढ्यान् पिढ्यांच्या गतीने बदलली तर शरीरही तिच्यामागून जाऊ शकते. ती दहा-वीस वर्षांत पालटली तर कालचे बळ आजचे व्यंग ठरते. तीन बोटांचा पाय, एकच अंडे, उघड्यावरचे घरटे, बाजूंना पाहणारे डोळे यांपैकी एकही गोष्ट दोष नाही. दोष दिसतो तो माळ काढून घेतल्यावर.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकाच्या क्षेत्रात वीजवाहिन्या शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतरत्र तारांवर पक्ष्यांना दिसतील असे इशारादर्शक बसवण्याचा आदेश दिला. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात हे करणे तांत्रिकदृष्ट्या आणि आर्थिकदृष्ट्या अशक्य असल्याची बाजू सरकारने मांडली. अपारंपरिक ऊर्जेची राष्ट्रीय गरजही पुढे करण्यात आली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट लागू असलेला भाग मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली आणि कोठे तारा भूमिगत कराव्यात, कोठे नाही, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे सोपवले. कोळशाची वीज कमी करणे हेही निसर्गरक्षणच आहे. त्यामुळे येथे एका चांगल्या कामासमोर दुसरे चांगले काम उभे आहे. सौरपट्ट्यांना ‘रिकामी’ जमीन हवी असते, आणि जी रिकामी वाटते ती माळढोकाचे घर असते, हा खरा पेच आहे.

पिल्ले आहेत, माळ कुठे?

या काळोखात एक दिवा लागला आहे. २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम येथे माळढोकाचे कृत्रिम प्रजनन केंद्र सुरू झाले. केंद्र सरकार, राजस्थानचे वनखाते आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या या प्रकल्पाला अबुधाबीच्या हुबारा संवर्धन निधीचे तांत्रिक साहाय्य मिळाले. माळावरच्या घरट्यांतून अंडी आणून यंत्रात उबवण्यात आली आणि पिल्ले हाताने वाढवण्यात आली. पुढे रामदेवरा येथे दुसरे केंद्र उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाद्वारे माळढोकाचे पहिले पिल्लू जन्माला आले. २०२५ पर्यंत दोन्ही केंद्रांतील पक्ष्यांची संख्या साठच्या पुढे गेली. जात पूर्णपणे नष्ट होण्याचा तत्काळ धोका यामुळे काही अंशी टळला आहे.

परंतु पिंजऱ्यातील संख्या वाढणे हा अर्धाच प्रवास. या पिल्लांच्या पुढच्या पिढ्या कधीतरी मोकळ्या सोडाव्या लागतील. तेव्हा त्यांना तारा नसलेले आकाश, झाडांनी न भरलेला माळ, कुत्र्यांपासून सुरक्षित घरटे आणि त्यांच्या येण्याने नाराज न होणारा गाव लागेल. प्रयोगशाळेत अंडे उबवता येते; माळ उबवता येत नाही. बुलडोझर एका दिवसात जे गवत उखडतो, ते पूर्वीच्या वैविध्यासह परत यायला अनेक दशके लागतात, आणि काही ठिकाणी ते येतही नाही.

महाराष्ट्राने यात काय करावे, हे अवघड असले तरी अज्ञात नाही. उरलेल्या माळांना ‘पडीक’ हा शिक्का पुसून गवताळ परिसंस्था म्हणून नोंदवणे, तेथे वृक्षारोपण थांबवणे, विणीच्या हंगामापुरती चराई फिरती ठेवणे, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करणे आणि कोरडवाहू ज्वारी-बाजरी टिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल देणे, या गोष्टी करण्यासारख्या आहेत. मेंढपाळांना शत्रू न मानता सोबतीला घेणेही तितकेच गरजेचे, कारण मर्यादित चराईने माळ माळच राहतो. यामुळे उद्या नान्नजला माळढोक परत येईलच असे नाही. पण लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर यांना आजच घर मिळेल, आणि माळढोकासाठी दार उघडे राहील.

शहरातल्या वाचकाचाही यात वाटा आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाताना खिडकीबाहेर पिवळ्या गवताचा विस्तीर्ण तुकडा दिसतो. ‘केवढी जमीन वाया गेली आहे’, असे मनात येण्याचा तोच क्षण असतो. त्या जमिनीवर कुणाचे तरी पायवाटांचे जाळे आहे, कुणाचे एकुलते एक अंडे उन्हात पडलेले आहे. सातबाऱ्यावर नाव नसले तरी त्या जमिनीला मालक आहे. त्याला हाकलण्यासाठी आता बंदूक लागत नाही. जमीन रिकामी आहे असे समजणे पुरेसे आहे.